उंच मुलाने कुठे खेळावे?

ज्या घरात मुलगा सतराव्या वर्षी सात फुटांना टेकतो, त्या घरातल्या आईला पहिली काळजी पडते ती पलंगाची, दुसरी बुटांची, आणि ते घर अमेरिकेत असेल तर तिसरी दाराच्या घंटीची. आपल्याकडे निकाल लागले की मुलाचा बाप प्रमाणपत्रांची पिशवी घेऊन कॉलेजच्या दारात उभा राहतो. तिकडे हा उलटा प्रकार आहे. मुलगा उंच असावा, त्याला बास्केटबॉल बऱ्यापैकी खेळता यावा, की कॉलेजेच त्याच्या दारात रांग लावतात. कॉलेजचा कोच घरी येतो, दिवाणखान्यात बसतो, आजीच्या हातचे खातो, तोंड भरून स्तुती करतो, आणि जाताना आपले कॉलेज कसे मुलासाठीच बांधले गेले आहे हे सांगून जातो. दुसऱ्या दिवशी दुसरा येतो. त्यालाही तेच खायला घालावे लागते.

पहिल्या श्रेणीत खेळणारी अशी साडेतीनशेहून अधिक कॉलेजे त्या देशात आहेत. मुलाने त्यांतले एक निवडायचे. नोव्हेंबरच्या मध्याला, म्हणजे आपल्या दिवाळीच्या आगेमागे, सह्या करण्याचा पहिला हंगाम येतो.

मराठीच्या प्राध्यापकाला या चौकशा कशाला, असे वाचक विचारतील. माझी उंची पाच फूट पाच इंच आहे आणि आमच्या कॉलेजच्या जिमखाना समितीवर माझी नेमणूक झाली, ती बैठकीला मी गैरहजर होतो म्हणून. परंतु माझी मावसबहीण इंडियाना राज्यात असते. तिच्या मुलाच्या शाळेत त्याच्याच वर्गात एक सहा फूट अकरा इंचांचा मुलगा आहे. भाचा आणि तो बालमित्र. या मुलाला तीन कॉलेजांची बोलावणी आली आहेत. एक दूरचे, नामांकित, त्याच्या कोचचे नाव वर्तमानपत्रांत नेहमी झळकणारे. दुसरे घरापासून तीन तासांवरचे, मध्यम नावाचे. तिसरे कालपरवापर्यंत कोणाच्या खिजगणतीत नसलेले, पण सर्वांत जास्त पैसे देणारे. आई एका इस्पितळात रात्रपाळीची परिचारिका आहे. वडील नाहीत. "मामा, तुम्ही दरवर्षी एवढ्या मुलांना कॉलेजची वाट सांगता. याला काय सांगाल?" असे भाच्याने फोनवर विचारले. मी त्याला आठ दिवसांची मुदत मागितली. त्या आठ दिवसांत जे वाचले आणि जुने आठवले, ते येथे मांडतो आहे.

प्रथम या सेंटर नावाच्या प्राण्याविषयी. बास्केटबॉलमध्ये पाच जण खेळतात. जमिनीपासून दहा फुटांवर ती लोखंडी कडी, आणि तिच्याजवळ उभा राहणारा सर्वांत उंच गडी म्हणजे सेंटर. मराठी वाक्यातल्या क्रियापदासारखे त्याचे असते. कर्ता आला, कर्म आले, विशेषणे मिरवून गेली, तरी शेवटी क्रियापद आल्याखेरीज काही घडत नाही. पण क्रियापदाची गोम अशी, की आधीचे शब्द नीट आले नाहीत तर ते बापडे शेवटी एकटेच उभे राहते. सेंटरही तसाच. गार्ड चेंडू स्वतः घेऊन येतो. त्याला कोणाची मिन्नतवारी करावी लागत नाही. सेंटर मात्र कडीपाशी पाठ टेकून, हात वर करून, चेंडूची वाट पाहत उभा असतो. कोणी दिला तर तो राजा, आणि नाही दिला तर बिनपगारी राखणदार. म्हणून उंच मुलाने कॉलेज निवडताना आरसा बाजूला ठेवावा आणि आपल्याला चेंडू देणार कोण हे पाहावे. माझ्या मते पहिला प्रश्न हाच. कोचचे नाव, स्टेडियमची भव्यता, गणवेशाचा रंग या गोष्टी पुष्कळ मागाहून येतात.

कोचच्या नावाची मोहिनी काय करते याची सांगण्यासारखी गोष्ट विल्ट चेंबरलेनची आहे. फिलाडेल्फियाचा हा सात फुटी मुलगा १९५५ साली कॅन्ससला गेला. फॉग ॲलन हे तिथले कोच, त्या खेळातले पितामह. बास्केटबॉलचा जनक जेम्स नेस्मिथ याच्याच हाताखाली ते शिकलेले, म्हणजे एका पिढीवर साक्षात मूळ पुरुष. असा गुरू कोण सोडील? पण त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळता येत नसे. विल्टचे पहिले वर्ष संपले आणि सत्तरी गाठलेल्या ॲलनना नियमानुसार निवृत्त व्हावे लागले. ज्या गुरूसाठी शिष्य एवढ्या दूर आला, त्याच्या हाताखाली मुख्य संघातून तो एकही सामना खेळला नाही! १९५७ च्या अंतिम सामन्यात कॅन्सस नॉर्थ कॅरोलिनाकडून ५४–५३ असा, तीन वेळा जादा वेळ खेळून, हरले. विल्टच्या भोवती दोन-दोन, तीन-तीन गडी उभे करून त्यांनी त्याला जखडून ठेवले होते. आणखी एक हंगाम खेळून, पदवी न घेताच, तो १९५८ साली कॉलेज सोडून हार्लेम ग्लोबट्रॉटर्सबरोबर निघून गेला. चाळीस वर्षांनी, १९९८ च्या जानेवारीत, त्याचा सदरा समारंभाने टांगायला कॅन्ससने त्याला बोलावले, तेव्हा त्या एका गुणाची हार अजून त्याच्या मनात होती.

नेमणुकीची मुदत प्रवेश घेण्यापूर्वी विचारून घ्यावी हे आमच्याकडच्या विद्यार्थ्यांना कळते. मार्गदर्शक निवृत्त झाल्यामुळे अधांतरी लोंबकळलेले पीएच.डी.चे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत. कोचच्या बाबतीत हे विचारायला मुले संकोचतात.

आता ल्यू अल्सिंडॉर. पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने साऱ्या जगाला ठाऊक झाला तो. न्यूयॉर्कच्या पॉवर मेमोरियल शाळेने त्याच्या जोरावर ओळीने ७१ सामने जिंकले होते. साऱ्या देशाची कॉलेजे त्याच्या मागे लागली. १९६५ च्या मे महिन्यात त्याने शाळेच्याच व्यायामशाळेत पत्रकारांना बोलावून सांगितले, की मी लॉस एंजेलिसला, यूसीएलएला जाणार. घरापासून पुरे खंड ओलांडून! घराजवळचे सेंट जॉन्स कॉलेज त्याच्या विचारात होते, पण तिथले मुरलेले कोच जो लॅपचिक त्याच वर्षी वयाच्या नियमाने निवृत्त झाले. शाळेतल्या कोचला एका कॉलेजात नोकरी लागली होती आणि शिष्याने आपल्या मागून यावे अशी त्याची इच्छा होती. परंतु याच कोचने एकदा मध्यंतरात रागाच्या भरात त्याच्या वर्णावरून हिणवणारा शब्द वापरला होता. तो शब्द मुलगा विसरला नव्हता. पुढे आयुष्यात दोघांचे पुन्हा जुळले, हे सांगितले पाहिजे. पण कॉलेज निवडताना जखम ताजी होती.

यूसीएलएकडून त्याला पत्रे आली ती कोणाची, तर तिथले माजी विद्यार्थी राल्फ बंच आणि जॅकी रॉबिन्सन यांची. एक नोबेल पारितोषिकाचा मानकरी, दुसरा आधुनिक काळात मोठ्या बेसबॉल संघांचे दार काळ्या खेळाडूंसाठी उघडणारा. कडीत चेंडू कसा टाकावा हे शिकवणारे हे गृहस्थ नव्हेत. या जागेतून माणूस काय होऊन बाहेर पडू शकतो याचा ते पुरावा होते. मला वाटते, सतरा वर्षांच्या मुलाला याहून मोठे आमिष नसते.

तिथले कोच जॉन वूडन स्वतः गार्ड म्हणून खेळलेले, उंची पाच फूट दहा इंच. अशा माणसाने सात फुटी मुलाला काय शिकवावे? त्यांनी एक साधी गोष्ट केली. जे कार्टी नावाचा एक उंच तरुण मदतनीस रोजच्या सरावात अल्सिंडॉरच्या समोर उभा केला, आणि तोही पुरेना म्हणून त्याच्या हातात लांब दांड्याचा झाडू दिला. अल्सिंडॉर चेंडू टाकायला गेला की हा झाडू उंच धरून अडवी. मला ही गोष्ट फार आवडते. मोठमोठ्या स्टेडियमांचे फोटो दाखवणाऱ्या कोचला मुलाने विचारावे, की माझ्यासमोर झाडू घेऊन रोज कोण उभा राहणार आहे?

पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. १९६५ च्या नोव्हेंबरात पहिल्या वर्षाच्या पोरांनी, अल्सिंडॉरच्या ३१ गुणांच्या जोरावर, देशात अव्वल मानल्या गेलेल्या आपल्याच कॉलेजच्या मुख्य संघाला ७५–६० असे हरवले. मग तीन वर्षे, तीन विजेतेपदे, ८८ विजय आणि २ पराजय. चेंडू वरून कडीत कोंबण्यावर १९६७ साली बंदी आली, ती त्याच्यामुळेच असे पुष्कळांचे मत होते. तेव्हा त्याने आपला तो हवेत वळणारा हूक घोटून घेतला. इतिहास विषय घेऊन पदवीही मिळवली. तरी तो तिथे सुखात होता असे समजू नये. एकटेपणाने त्याला इतके घेरले होते, की दुसऱ्या कॉलेजात निघून जावे असेही एकदा त्याच्या मनाने घेतले होते. योग्य जागा निवडली म्हणून तिथे मन रमतेच असे नाही. हे लग्नाच्या बाबतीत आपल्याला ठाऊक असते, कॉलेजच्या बाबतीत आपण विसरतो.

याच्या अगदी उलट बिल रसेल. ऑकलंडच्या शाळेत होता तोवर त्याला कोणी विचारले नाही. बोलावणे आले ते एका कॉलेजचे, सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचे. तिथे त्या वेळी संघाला स्वतःचे धड मैदानही नव्हते, दुसऱ्यांच्या मैदानावर जाऊन खेळावे लागे. पण खोलीत सोबती मिळाला तो के. सी. जोन्स. दोघे रात्ररात्र कोपरे, कोन आणि उड्या यांची चर्चा करीत. १९५५ आणि १९५६ अशी दोन विजेतेपदे त्या बेघर संघाने घेतली. कडीखालची आखलेली जागा सहा फुटांवरून बारा फूट रुंद करण्यात आली, तीही रसेलसारख्यांना आवर घालावा म्हणूनच. एकच दार उघडे असले म्हणजे निवडीची कटकट नाही, हेही भाग्यच म्हणायचे!

पण मला स्वतःला विचाराल तर सर्वांत शहाणी निवड पॅट्रिक ईविंगच्या आईची वाटते. मुलाची, असे मी मुद्दामच म्हणत नाही. जमैकाहून हे कुटुंब अमेरिकेत आले. पॅट्रिक १९७५ साली, बारा वर्षांचा असताना आला आणि तिथे पहिल्यांदा बास्केटबॉल हातात धरला. आई बॉस्टनच्या इस्पितळात स्वयंपाकघरात काम करी. तिची अट एकच होती, पदवी मिळाली पाहिजे. मुलाला अभ्यासात जादा मदत लागेल असे शाळेच्या कोचने कॉलेजांना आधीच लिहून कळवले. ते पत्र बाहेर फुटले आणि परगावच्या प्रेक्षकांनी त्यावरून मुलाची अमानुष टिंगल केली. पण त्या पत्रामुळेच कोणाला फक्त उंची हवी आहे आणि कोणाला मुलगा, हे कळून आले. १९८१ साली त्याने जॉर्जटाउन निवडले. तिथले कोच जॉन थॉम्पसन स्वतः सेंटर होते. बॉस्टनच्या संघात बिल रसेलच्या मागे राखीव बसून त्यांनी दोन वर्षे काढली होती. थोरामोठ्याच्या मागे बाकावर बसलेला माणूस शिकवायला चांगला असतो, असा माझा एकंदर अनुभव आहे. थॉम्पसन यांच्या टेबलावर हवा गेलेला एक बास्केटबॉल ठेवलेला असे. हवा गेल्यावर तुझ्याजवळ काय उरणार, हा त्याचा अर्थ. अभ्यासावर नजर ठेवणाऱ्या मेरी फेन्लन या बाई सामन्यात संघाच्या बाकावर बसत.

चार वर्षांत ईविंगचा संघ तीनदा अंतिम सामन्यात पोहोचला. १९८४ साली जिंकला, १९८२ आणि १९८५ साली एका नि दोन गुणांनी हरला. आई १९८३ साली वारली. मोठ्या पैशाच्या हाका येत असताना पॅट्रिक थांबला आणि १९८५ साली ललितकला विषयात पदवी घेऊनच बाहेर पडला. असेच वचन सेंट क्रॉई बेटावरच्या टिम डंकनने आईला दिले होते. तो वेक फॉरेस्टला चार वर्षे राहिला आणि १९९७ साली मानसशास्त्राची पदवी घेऊन निघाला. या मातांविषयी कोणीतरी एकदा सविस्तर लिहिले पाहिजे.

भाचा म्हणाला, "मामा, ही सगळी जुनी माणसे. आता दिवस वेगळे आहेत." त्याचे खरे आहे. २०२१ च्या जुलैपासून कॉलेजच्या खेळाडूला आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे मिळवता येतात. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर तर कॉलेजेच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी सर्व खेळ मिळून एका कॉलेजची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. शिवाय कॉलेज बदलायचे तर पूर्वी वर्षभर बाहेर बसावे लागे, तेही गेले. २०२५ च्या वसंत ऋतूत दोन हजारांहून अधिक मुलांनी बदलीच्या यादीत नावे घातली. मग निवडीचा एवढा घोळ कशाला? नाही पटले तर पुढच्या वर्षी दुसरीकडे!

याला माझे उत्तर झॅक एडी आहे. टोरांटोचा हा मुलगा आधी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळे. बास्केटबॉलकडे वळला तोच मुळी उशिरा. त्याच्या वर्षाच्या मुलांच्या याद्यांत त्याचा क्रमांक चारशेच्याही पुढे. उंची मात्र सात फूट चार इंच. तो इंडियानातल्या पर्ड्यूला गेला. तिथले कोच मॅट पेंटर यांची ख्याती अशी, की वर्षानुवर्षे त्यांच्या संघात एकामागून एक धिप्पाड सेंटर तयार होत आलेले, आणि गार्डांना चेंडू आत द्यायचे वळण लागलेले. पहिल्या वर्षी एडी सामन्यात सरासरी पंधरा मिनिटांपलीकडे खेळला नाही. त्याच्यापुढे ट्रेव्हियन विल्यम्स होता. दुसऱ्या वर्षीही जागा त्याच्याशी वाटून घ्यावी लागली. यादीत नाव घालून पळून जाण्याची मुभा एडीला होती. तो राहिला. २०२३ मध्ये पहिल्या मानांकनाचे पर्ड्यू पहिल्याच फेरीत सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून हरले आणि देशभर हसे झाले. तरीही तो राहिला. २०२३ आणि २०२४ अशी दोन्ही वर्षे देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, २०२४ मध्ये संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले, आणि त्याच वर्षी व्यावसायिक संघांच्या निवडीत नववा उचलला गेला. परदेशी विद्यार्थी असल्याने नावावरचे पैसे मिळवायलाही त्याला अडचणीच होत्या. उंच शरीर सावकाश पिकते, हे एवढेच त्यातून मी घेतो. गार्ड अठराव्या वर्षी तयार होऊन येतो. सेंटरचे पाय आणि हात एकमेकांना ओळखू लागायलाच दोन वर्षे जातात. दरवर्षी गाव बदलणाऱ्या मुलाला प्रत्येक वेळी नवे गार्ड शिकवावे लागतात, की बाबांनो, मला चेंडू कुठे हवा असतो.

आणि घाईचे उदाहरण हवे असेल तर जेम्स वाइझमन. त्याच्या वर्षाच्या मुलांत अव्वल मानला गेलेला हा सेंटर २०१९ साली मेम्फिसला गेला. त्या कोचने पूर्वी, २०१७ साली, त्याच्या कुटुंबाला घर बदलायला साडेअकरा हजार डॉलर दिले होते ते नियमबाह्य ठरले. तीन सामने खेळून कॉलेज संपले. व्यावसायिक निवडीत दुसरा क्रमांक मिळाला, पण ज्या वयात चुका करीत शिकायचे ते वय शिकण्याविना गेले.

राहिला पैशाचा प्रश्न. येथे उपदेश करायला माझी जीभ रेटत नाही. मी स्वतः सात वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले आहे. महिन्याच्या शेवटी घरमालकाच्या पावलांचा आवाज मला अजून ओळखू येतो. रात्रपाळी करणाऱ्या बाईच्या मुलाला "पैशाकडे पाहू नकोस" असे सांगणे हा निव्वळ निर्लज्जपणा होईल. म्हणून भाच्याला मी असे सांगितले, की आईची रात्रपाळी सुटेल एवढा पैसा ज्या ज्या कॉलेजात मिळतो ती सगळी पैशापुरती सारखीच धरा. त्यावरच्या आकड्यासाठी चेंडू न देणारे गार्ड पत्करू नका. भाच्याने हिशेब करून कळवले, की या कसोटीला पहिले दोन्ही उतरतात. मग तिसरे आपोआप मागे पडले.

उरलेल्या दोहोंसाठी मी त्याला कामाला लावले. दोन्ही कॉलेजांचे गेल्या हंगामातले पाच-पाच सामने संगणकावर लाव, आणि सेंटर कडीपाशी हात वर करून उभा असताना त्याला चेंडू किती वेळा मिळाला, किती वेळा नाही, एवढेच वहीत मांड. आठ दिवसांनी आकडे आले. नामांकित कॉलेजात दर तीन वेळांत एकदा. तीन तासांवरच्या कॉलेजात निम्म्याहून थोडे अधिक. शिवाय तिथे एक सात फुटी मोठा मुलगा अजून वर्षभर आहे, म्हणजे झाडूची सोय झाली. मी माझे मत कळवून टाकले: तीन तासांवरचे.

मुलाने अद्याप होकार दिलेला नाही. नामांकित कॉलेजचा कोच स्वतः विमानाने येऊन गेला, त्याचे मन डळमळले आहे, आणि सतरा वर्षांच्या मुलाचे डळमळणारच. आई मात्र प्रत्येक कोचला एकच प्रश्न विचारते, असे भाचा सांगतो. एखाद्या विषयात तो नापास झाला, तर रात्री त्याच्याजवळ कोण बसेल, त्या माणसाचे नाव सांगा. एका कोचने विभागाचे नाव सांगितले. दुसऱ्याने खिशातून फोन काढून तिथल्या तिथे एका बाईंना लावून दिला, आणि त्या बाई आईशी वीस मिनिटे बोलल्या. कोणता कोच कोणत्या कॉलेजचा, हे भाचा मला सांगायला तयार नाही. सह्या झाल्यावर सांगतो म्हणाला.